काय लावू?

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. वाजला म्हणजे टुण्ण झालं. गोरेगावहून भाचीनं फोटो पाठवला होता. (गोरेगाव म्हणजे मुंबईतलं नाही, आमच्या गोंदिया जिल्ह्यातलं. पुण्यात आल्यापासून हे इतक्यांदा सांगितलंय की आता आधीच कंसात टाकते.) फोटोत पिवळ्या फुलांचं दुपटं, त्यावर दोन महिन्यांच्या बाळाचे चिमुकले कुल्ले, आणि ते लालभडक. खाली तीनच शब्द. "मावशी, काय लावू?"

मागोमाग दुसरा फोटो आला. मलमाची ट्यूब. "हे मेडिकलमधून आणलंय यांनी. लावू का?"

मी चष्मा शोधला, ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठी करून वाचली आणि आधी एवढंच लिहिलं, "ते लावू नकोस. बाकी सांगते." मग सरळ फोनच लावला. अर्धा तास बोललो. ती बिचारी बाळाला घेऊन झोपली, मला मात्र झोप लागेना. कारण "काय लावू?" हे दोन शब्द मीही एकदा एका काउंटरवर उभं राहून विचारले होते. तेव्हा मला कोणी थांबवलं नव्हतं. घरच्यांपैकी काहींना ती गोष्ट अर्धी माहीत आहे. आज पूर्ण लिहून टाकते.

माझा लेक जून २००७ चा. सातव्या महिन्यात मी महाराष्ट्र एक्सप्रेसनं माहेरी गोंदियाला आले. ज्यांनी ही गाडी पुण्यापासून शेवटपर्यंत केली आहे त्यांना ठाऊक आहे, राज्य एकच पण प्रवास परदेशाला निघाल्यासारखा. आमचं घर रामनगरला. बाबा तेव्हा एका राइस मिलमध्ये हिशेबाला होते. बाळंतपण व्यवस्थित झालं, बाळ गुटगुटीत, सगळं छान. आणि मग पाऊस सुरू झाला.

धानाच्या मुलखातला पाऊस तो. रोवणीला हवा तसा लागला म्हणून बाबा खूश, आणि लंगोट वाळत नाहीत म्हणून आई हैराण. पडवीत तीन दोऱ्या बांधल्या होत्या, तिन्हींवर लंगोट आणि दुपटी. दोन दिवस झाले तरी हाताला गार लागायची. शेवटी आईनं शेगडीत निखारे करून त्यावर बांबूची टोपली पालथी घातली आणि टोपलीवर एकेक लंगोट पसरून वाळवायला लागली. घरभर धूर आणि ओव्याचा वास. मी पुण्याहून डायपरची पाकिटं आणली होती. आईला ती मुळीच पसंत नव्हती. "लेकराला पिशवीत बांधून ठेवते," म्हणायची. शेवटी तडजोड झाली. दिवसा लंगोट, रात्री डायपर.

ऑगस्टमध्ये बाळाला खोकला झाला. अँटिबायोटिक मिळालं. तिसऱ्या दिवसापासून पातळ शी सुरू झाली, दिवसातून आठ-दहा वेळा. आणि एका सकाळी लंगोट सोडला तर कुल्ले लाल. चकचकीत, ताणलेले, कुणीतरी चिमटे काढल्यासारखे.

आई म्हणाली, "नुसत्या पाण्यानं धू आणि उघडं ठेव. काही लावू नको."

आता इथे माझी बाजू ऐका. पावसात गार हवा, बाळाला आधीच खोकला, उघडं ठेवलं की दर दहा मिनिटांनी गोदडी ओली. आणि मी शिकलेली. नुसतं उघडं ठेवणं हा मला उपायच वाटेना. उपाय म्हणजे काहीतरी लावायला हवं ना. संध्याकाळी छत्री घेऊन निघाले, मेडिकलमध्ये गेले आणि विचारलं, "लहान बाळ आहे, खाली लाल झालंय, काय लावू?" काउंटरवरच्या माणसानं बाळ किती महिन्यांचं हेही विचारलं नाही. एक ट्यूब पुढे केली. "हे लावा. दोन दिवसात साफ."

आणि खरंच, दोन दिवसात साफ! मी आईला बोलावून दाखवलं. आई काही बोलली नाही. मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी लाली परत आली. मी परत लावलं. गेली. तीन दिवसांनी परत. असं साडेतीन आठवडे चाललं. दर वेळी जाताना थोडी कमी जायची आणि येताना थोडी जास्त यायची, हे मला कळत होतं. पण कळत असूनही हात ट्यूबकडेच जायचा. कारण ती लावली की लाली जात होती ना! जे दिसतं ते गेलं म्हणजे आजार गेला, असं मी धरून चालले होते.

बाळाला तेल लावायला, न्हाऊ घालायला एक बाई यायच्या. साठीच्या असाव्यात. एक दिवस न्हाऊ घालता घालता त्यांनी बाळाच्या जिभेवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाई, हे दूध नाही होय. पुसून पायलं, निघून नाही रायलं." मी म्हटलं, "दूधच असेल, आत्ता पाजलंय." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाणी ओतायला लागल्या. त्या दिवशी मी ऐकलं असतं तर निदान आठवडा वाचला असता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाळ शू केली की किंचाळायला लागलं. लंगोट सोडून बघितलं आणि माझे हातपाय गळाले. आता लाली कुल्ल्यांवर राहिलीच नव्हती. ती जांघेच्या घड्यांत शिरली होती. कच्च्या मांसासारखा रंग, कडा स्पष्ट, आणि कडेच्या बाहेर पोटाकडे बारीक बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या. मधली कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसाव्यात.

आई आणि मी रिक्षा करून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, शांत. त्यांनी बाळाला टेबलावर ठेवलं, टॉर्च घेतला, आणि सगळ्यात आधी दोन बोटांनी जांघेची घडी अलगद उघडून आत बघितलं. मग तोंडात बघितलं. मग कानामागे आणि टाळूवर. मग मला विचारलं, "आतापर्यंत काय काय लावलंत?"

मी पर्समधून ट्यूब काढून दिली. त्यांनी बारीक अक्षरांतली नावं वाचली. मग म्हणाल्या, "ह्यात तीन औषधं आहेत. एक बुरशी मारतं. एक जंतू मारतं. आणि तिसरं नुसती लाली मारतं."

ते तिसरं म्हणजे स्टिरॉइड. तेही चांगलंच जोरकस, मोठ्या माणसाच्या जाड कातडीवर वापरायचं. लाली हे कातडीचं बोंबलणं असतं, स्टिरॉइड तिचं तोंड दाबतं. तेवढ्यात खाली बुरशी आपली वाढत राहते. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, पण दोन दिवस लावायचं आणि चार दिवस सोडायचं ह्या माझ्या पद्धतीत त्याला काम करायला वेळच मिळाला नाही. शिवाय बाळाची कातडी पातळ, जागा ओलसर, आणि वर डायपर. म्हणजे मलम लावून वर घट्ट पट्टी बांधल्यासारखंच. औषध किती तरी जास्त आत शिरतं. अशी मलमं लंगोटाच्या जागी महिनोन्‌महिने लावल्यामुळे तान्ह्या बाळांचे चेहरे सुजून गोल झाल्याची, वाढ खुंटल्याची, शरीरातल्या स्वतःच्या ग्रंथी थंडावल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत, आपल्या देशातलीही. डॉक्टर बाईंनी मला तेव्हा एवढं सगळं सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "वेळेत आलात." हे बाकीचं मी नंतर वाचलं, आणि तो "वेळेत" शब्द मला अजून झोपू देत नाही.

मग त्या आईकडे वळल्या. "आजी, तुम्ही काय लावता?" आईनं अभिमानानं सांगितलं, "मी काही नाही लावत. न्हाणं झाल्यावर थोडी बोरिक पावडर, बस." बोरिक पावडर म्हणजे आपण कॅरमवर टाकतो तीच. डॉक्टर बाईंनी कपाळाला हात लावला. सोललेल्या कातडीतून बोरिक ॲसिड अंगात जातं, आणि पूर्वी त्यानं बाळं दगावली आहेत. साधी टाल्कम पावडरही नको, ती बाळाच्या श्वासातून छातीत जाते.

परतताना रिक्षात आम्ही दोघी गप्प. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "तुझ्या वेळेस पण लावायची मी." मी म्हटलं, "मग मी कशी वाचली?" आणि दोघी हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. दोन दिवसांनी तान्हा पोळा. शेजारची पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला आली, आणि बाळ पहिल्यांदा शांत झोपलं होतं.

उपचार अगदी साधा निघाला. नुसतं बुरशीचं मलम, त्यात स्टिरॉइड नाही. बाळाच्या तोंडात घालायचे थेंब, कारण ते पांढरं दूध नव्हतंच, तीच बुरशी होती (त्या बाईंचं बोट बरोबर होतं). माझ्या स्तनाग्रांनाही मलम, नाहीतर बाळाकडून मला आणि माझ्याकडून बाळाला अशी ती फिरत राहते. वरून झिंक ऑक्साइडचा जाड थर. आणि दिवसातून चार-पाच वेळा उघडं ठेवणं. हो, आईचं उघडं ठेवणं! बारा दिवसांत कातडी भरून आली.

पण मला त्या दिवशी मिळालेली खरी गोष्ट वेगळीच. चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टर बाईंनी पेनानं चार चित्रं काढली. चार छोटे कुल्ले, पोट आणि मांड्या. चारही बाह्याकृती अगदी सारख्या. फक्त रेघोट्या मारलेली जागा प्रत्येकात वेगळी. म्हणाल्या, "काय लावू हे मग विचारा. आधी कुठे आहे ते बघा." तो कागद माझ्याकडे अजून आहे, घड्यांवर फाटलाय. त्याच्या आधारानं सांगते.

पहिल्या चित्रात रेघोट्या उंचवट्यांवर. कुल्ले, पोटाचा खालचा भाग, मांड्यांची बाहेरची बाजू. थोडक्यात जिथे ओला कपडा टेकतो तिथे. घड्यांच्या आत मात्र कातडी स्वच्छ. हा साधा, नेहमीचा लंगोटाचा चट्टा, आणि सगळ्यात जास्त हाच असतो. ओल, घासणं, शू आणि शी ह्यांचा एकत्र परिणाम. कूक नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२१ साली शूमधून निघणाऱ्या अमोनियाला दोषी ठरवलं, आणि पुढची कित्येक दशकं सगळे अमोनियालाच शिव्या देत होते. १९८० च्या दशकात प्रयोगांतून नीट कळलं की एकट्या अमोनियाचं हे काम नाही. शू आणि शी एकत्र आली की कातडीची आम्लता कमी होते, आणि मग शीमधले पाचकरस जागे होतात. अन्न पचवायचे ते रस कातडीच पचवायला लागतात. म्हणून हगवण लागली की चट्टा लगेच येतो, आणि नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळांना कमी येतो. ह्यावर उपाय तोच, लवकर लवकर बदलणं, साध्या पाण्यानं धुणं, घासून न पुसता टिपणं, वारा लागू देणं, आणि झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा थर. तो थर दर वेळी खरवडून काढायचा नाही, वरची घाण टिपायची आणि त्यावरच परत लावायचं. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो.

दुसऱ्या चित्रात रेघोट्या घड्यांच्या आत, आणि कडेबाहेर ठिपकेच ठिपके. हे माझ्या लेकाचं. बुरशी. गर्द लाल, कड ठळक, आणि मुख्य गावाभोवती टोल्या वसाव्यात तशा सुट्या पुटकुळ्या. अँटिबायोटिकनंतर किंवा तोंडात पांढरं असताना आलं असेल तर संशय पक्का. साधा चट्टा तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तरी त्यात बुरशी शिरू शकते. माझ्या लेकाचं सुरुवातीला पहिलं चित्र होतं, नंतर दुसरं झालं. मी मधल्या काळात एकदाही घडी उघडून बघितली नाही.

तिसऱ्या चित्रातही रेघोट्या घड्यांतच, पण बाजूला एक गोल डोकं काढून त्यावर खपल्या दाखवल्या होत्या. पहिल्या तीन-चार महिन्यांत काही बाळांच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या धरतात. तेच कानामागे, मानेच्या वळ्यांत, काखेत आणि जांघेत उतरतं. दिसायला भयंकर, पण बाळ मजेत असतं, खाजही फारशी नसते. काही महिन्यांत आपोआप जातं. ओळखायची खूण जांघेत नाही, डोक्यावर आहे. म्हणून डॉक्टर बाई टाळू बघत होत्या.

चौथ्या चित्रात शीच्या जागेभोवती एक गोल कडं. लालभडक, कड आखल्यासारखी. हे जंतूंचं असतं, घसा दुखवतात त्या जातीच्या. बहुधा जरा मोठ्या मुलांत. ह्याचा मला पुढे पुण्यात उपयोग झाला. नणंदेची मुलगी दोन वर्षांची, शी करायला घाबरायची, रडायची, धरून ठेवायची, कधी शीवर रक्ताची रेघ. महिनाभर सगळे बद्धकोष्ठ समजून मनुका आणि एरंडेल देत होते. मी सहज बघितलं तर ते कडं. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं डॉक्टरांना ती जागा दाखव. तपासणीत जंतू निघाले, औषधानं आठवड्यात पोर हसायला लागली. जंतूंचाच दुसरा प्रकार म्हणजे पाणी किंवा पू भरलेले फोड आणि फुटल्यावर मधासारखी पिवळी खपली. त्याला घरचं काहीच नको.

चित्रांच्या खाली त्यांनी दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या. कमरेच्या आणि मांडीच्या इलॅस्टिकच्या रेषेवरच लाल असेल तर ॲलर्जी समजा, डायपर किंवा सुगंधी वाइप्स बदला. घरात बाकीच्यांनाही रात्री खाज सुटत असेल आणि बाळाच्या तळहात-तळपायांवर पुटकुळ्या असतील तर खरूज, औषध सगळ्या घरानं घ्यायचं. आणि खाली चट्टा, तोंडाभोवती चट्टा, हातापायांवर चट्टा, सोबत हगवण आणि केस गळणं असं सगळं एकत्र दिसलं तर अंगात झिंक कमी आहे का ते तपासायचं. तिथे वरून कितीही झिंकचं मलम थापा, पोटातूनच द्यावं लागतं.

एक गोष्ट कागदावर नव्हती, ती मी माझ्या अनुभवातून जोडते. पुस्तकांत आणि इंटरनेटवर फोटो असतात ते बहुतेक गोऱ्या बाळांचे. आपली बाळं सावळी. आपल्याकडे "लाल" नेहमी लाल दिसतच नाही. कधी जांभळट, कधी काळपट तपकिरी, आणि डोक्यावरच्या खपल्यांच्या प्रकारात तर उलट पांढुरके डाग. त्यामुळे रंगापेक्षा जागा बघा, चमक बघा, हात लावून गरम आणि जाडसर लागतं का ते बघा. आणि खिडकीशी नेऊन उजेडात बघा. मोबाइलचा फोटो तर रात्रीच्या पिवळ्या दिव्यात सगळ्यांनाच लाल करतो.

नंतर कधीतरी वाचताना एक गंमत सापडली. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये "अहिपूतना" नावाचा बाळाचा रोग दिला आहे. कारण काय, तर शी-शू नीट धुतली नाही, किंवा घामेजलेल्या बाळाला न्हाऊ घातलं नाही. पुढे वाग्भटानं तर त्याच रोगाची लोकांत चालणारी नावंच देऊन टाकली आहेत, कुणी मातृकादोष म्हणतं, कुणी पृष्टारु, कुणी गुदकुट्ट, आणि कुणी चक्क अनामिक! म्हणजे तेव्हा एका आजाराला पाच नावं होती. आपण उलटं केलंय. पाच-सात आजारांना मिळून एकच नाव ठेवलंय, "रॅश". आणि एक नाव म्हटलं की मग एकच ट्यूब. ती ट्यूब देणाऱ्यावर मला आता तितका राग नाही. मी "लाल झालंय" एवढंच सांगितलं आणि त्यानं लाली घालवणारं दिलं. (म्हणून त्यानं तसं द्यायला हवं होतं असं मात्र नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड असलेली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही भाचीच्या नवऱ्याला परवा ती सहज मिळाली, हे सांगायलाच नको.)

तर परवा रात्री मी भाचीला औषधाचं नाव सांगितलं नाही. प्रश्न विचारले. घडी उघडून टॉर्चनं बघ, आत आहे का? बाहेर सुटे ठिपके आहेत का? जीभ पुसून बघ. टाळूवर खपल्या? कानामागे? गेल्या पंधरा दिवसांत काही औषध झालंय का? शी किती वेळा? ताप, फोड, पू? दूध पितोय ना? ह्यातल्या ताप, फोड, पू किंवा दूध न पिणं ह्यांपैकी एकालाही "हो" असतं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा म्हटलं असतं. बाकी काही नसलं तरी तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

तिनं तिच्या आशाताईचाही विषय काढला. त्या बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत ठरल्या दिवशी येऊन जायच्या, अजूनही रस्त्यात भेटल्या की विचारतात. मला एकदम बरं वाटलं. घरी जाऊन तान्ह्या बाळाला बघायची ही पद्धत आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या कामातून सिद्ध झाली आणि पुढे देशभर गेली. २००७ मध्ये माझ्याकडे बघायला येणाऱ्या होत्या त्या तेल लावणाऱ्या बाई. त्यांनी बघितलं होतं, मीच ऐकलं नाही.

शेवटी मी त्या फाटक्या कागदाचा फोटो काढून भाचीला पाठवला. माझा लेक शेजारी बसून मोबाइल बघत होता. एवढा मोठा झालाय, दाढी करायला लागलाय. त्यानं डोकावून विचारलं, "हे काय काढलंय?" मी म्हटलं, "तुझंच चित्र आहे, दुसऱ्या नंबरचं." तो लाजून उठूनच गेला.

सकाळी आईला गोंदियाला फोन केला आणि सगळं सांगितलं. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उघडं ठेवायला सांगितलं ना तिला?" सांगितलं म्हटलं. "आणि पावडर?" नको म्हणून सांगितलं. थोडं थांबून म्हणाली, "ओव्याची धुरी?" मी म्हटलं, "आई, धूर पण नको, बाळाच्या छातीला बरा नाही." त्यावर तिचं मत वेगळं आहे आणि ते तसंच राहणार आहे. असो.

दोन दिवसांनी दुपारी भाचीचा मेसेज आला. फोटो नव्हता. "मावशी, आता नीट उजेडात बघितलं. घडीच्या आत काही नाहीये. वरचं पण फिकं झालंय. ते मलम मेडिकलवाल्याला परत दिलं."

मी दोनदा वाचला. मग उठून चहा टाकला.